शिस्त शिकवता, मग हक्क कधी शिकवणार?

सरकारी शाळेतल्या मुलांना 'रोजगारक्षम' करायचं, हा सध्याचा परवलीचा शब्द झाला आहे. नववीपासून मल्टीस्किल, ऑटोमोटिव्ह असे विषय आले. त्याला आमचा विरोध नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुल्यांनीच प्राथमिक शिक्षणात हिशेब आणि शेतीचं ज्ञान मागितलं होतं. चाकणपासून जवळच, पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती हातांनी करत शिकतात.

आमचा आक्षेप आहे तो कौशल्यासोबत येणाऱ्या प्रवचनावर. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. एका शाळेत प्रशिक्षक दहावीच्या मुलांना सांगत होते, "वेळेवर या, सुट्ट्या मारू नका, उलट बोलू नका." समोर बसलेल्या कुणाची आई पहाटे कंपनीत हाऊसकीपिंगला जाते, कुणाचा बाप सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. कष्ट या मुलांनी घरात पाहिले आहेत. त्यांनी पाहिलेली नाही ती पगाराची स्लिप.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सरकारी उद्योगात पर्मनंट नोकरी होती, आरक्षण होतं. चाकणच्या खासगी कारखान्यांत आरक्षण नाही; आमच्या पोरांच्या वाट्याला येतो ठेकेदार नाहीतर 'ट्रेनी'चा शिक्का. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे. हे वर्गात कोण सांगतं?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. १९४६ साली त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. हा धडा रोजगारक्षमतेच्या तासाला का नको? पीएफ, ईएसआय, ओव्हरटाइमचा दुप्पट दर, अपघात झाला तर भरपाई, युनियन करण्याचा हक्क हेही कौशल्यच आहे.

आणि ही शिस्त फक्त आमच्याच मुलांना का? श्रीमंतांच्या शाळेत कोडिंग आणि नेतृत्व, आमच्या शाळेत पाना आणि आज्ञापालन. जातीव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं. तीच विभागणी आता अभ्यासक्रमातून होत असेल, तर ती ओळखली पाहिजे.

म्हणून पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच मागा: मुलांना मशीन शिकवाल त्याच तासाला कामगार कायदाही शिकवा.

जय भीम!