संगणकाचे पुस्तक: काय शिळे होते, काय टिकते

संगणक शिकवणारी पुस्तके ढोबळमानाने तीन प्रकारची असतात: एखादे सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारी, प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारी आणि या सगळ्यामागचा विचार शिकवणारी. एक्सेल, टॅली, फोटोशॉप यांची पुस्तके पहिल्या प्रकारात येतात. सी, जावा, पायथन यांची दुसऱ्यात मोडतात, तर ऑपरेटिंग सिस्टिम, अल्गोरिदम, मांडणीची तत्त्वे यांची तिसऱ्यात. दुकानात ती एकाच फळीवर उभी असली तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते.

पहिल्या प्रकारचे पुस्तक सर्वांत लवकर शिळे होते. मायक्रोसॉफ्टने ऑफिस 2007 मध्ये जुने मेनू काढून रिबन आणली, तेव्हा ‘फॉरमॅट मेनूत जा, सेल्सवर क्लिक करा’ अशा सूचनांनी भरलेली पाने निरुपयोगी झाली. त्याच पुस्तकांतले सेलच्या पत्त्याचे प्रकरण मात्र आजही कामाला येते. सूत्र खाली ओढले की त्यातला पत्ता पुढच्या ओळीवर सरकतो आणि डॉलरचे चिन्ह लावले की जागेवर राहतो. कराचा दर एका सेलमध्ये लिहून त्याच्या पत्त्याला डॉलर लावले, तर शंभर ओळींच्या बिलाला एकच सूत्र पुरते. महाराष्ट्रात 2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएल या कंपनीच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाचे असे प्राथमिक पुस्तक गावोगावी, मराठीतूनही, पोचवले. आवृत्ती बदलली की त्यातली चित्रे बदलणार, हे गृहीतच धरायचे. शिकणाऱ्याने बटणाच्या जागेपेक्षा बटणाचे काम लक्षात ठेवावे.

भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत ब्रायन कर्निगहॅन आणि डेनिस रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’चे नाव आधी घ्यावे लागते. पहिली आवृत्ती 1978 ची, दुसरी 1988 ची, आणि पाने तीनशेच्या आत. ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅममुळे ते प्रसिद्ध आहे, पण शिकवण्याचे खरे कसब लगेच पुढच्या उदाहरणात दिसते. फॅरेनहाइट तापमानाचे सेल्सिअसमध्ये रूपांतर करणारा तक्ता छापायचा असतो. शून्यापासून 300 पर्यंत, वीस-वीसच्या टप्प्याने. त्यात आधी पाचने गुणून मग नऊने भागले आहे. सरळ पाच भागिले नऊ का लिहिले नाही? कारण पूर्णांकांच्या भागाकारात सी अपूर्णांक टाकून देते. पाच भागिले नऊचे उत्तर शून्य येते आणि सगळा तक्ता शून्यांनी भरतो. हाच प्रोग्रॅम पुढे दशांश चिन्हांसह, मग फॉर लूप वापरून आणि शेवटी आकड्यांना नावे देऊन पुन्हा लिहिला जातो. प्रश्न तोच राहतो आणि प्रत्येक फेरीत एकच नवी गोष्ट हाती येते. पहिल्या पुस्तकात हेच शोधावे.

भारतातल्या विद्यार्थ्यांच्या हाती मात्र अधिक करून पडले ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’. साध्या इंग्रजीत, समोर बसवून सांगितल्यासारखे लिहिलेल्या या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्या काळी बहुतेक कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी हा कंपायलर असे. त्यामुळे सुरुवातीला पडदा पुसणारे ‘क्लिअरस्क्रीन’ आणि शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवणारे ‘गेटच’ या ओळी हजारो जर्नल्समध्ये उतरल्या. प्रत्यक्षात या सोयी त्या कंपायलरच्या, सी भाषेच्या प्रमाणित संचातल्या नव्हेत. आजच्या जीसीसी कंपायलरवर असा प्रोग्रॅम साधारणपणे पहिल्याच फटक्यात अडतो, आणि व्हायवाला पाठ केलेले उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. भाषा कोणती आणि तिच्याभोवतीचे हत्यार कोणते, हे वेगळे करून सांगणारे पुस्तक अधिक टिकते.

वेब डिझाइनची पुस्तके या दोन प्रकारांच्या सीमेवर आहेत. जॉन डकेट यांच्या 2011 च्या ‘एचटीएमएल अँड सीएसएस’ने कोडचे पुस्तक मासिकासारखे देखणे असू शकते हे दाखवले. मोठी अक्षरे, रंगीत पाने, थोडा मजकूर आणि शेजारीच त्याचा परिणाम, अशी त्याची रचना आहे. पानाची मांडणी करायला त्यात फ्लोट वापरला आहे. पुढे फ्लेक्सबॉक्स आणि 2017 पासून प्रमुख ब्राउझरांत ग्रिड आल्यावर तो भाग मागे पडला. बॉक्स मॉडेल मात्र आजही लागते. रुंदी 300 पिक्सेल ठरवली आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस पिक्सेल पॅडिंग दिले, तर एरवी तो डबा 340 पिक्सेल जागा घेतो. कॉलम खाली का घसरला, याचे उत्तर पुष्कळदा या बेरजेतच सापडते.

तिसऱ्या प्रकारची पुस्तके सावकाश वाचायची असतात. रॉबिन विल्यम्स यांचे ‘द नॉन-डिझायनर्स डिझाइन बुक’ विरोध, पुनरावृत्ती, सरळ रेषेत मांडणी आणि जवळीक या चार तत्त्वांवर उभे आहे. लग्नपत्रिका असो की वेबसाइट, ती सारखीच लागू पडतात. डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड 1968 साली आला. त्यात प्रत्येक स्वाध्यायाला शून्य ते पन्नास असा अवघडपणाचा आकडा आहे. शून्याचा मनातल्या मनात सुटतो, पन्नासचा संशोधनाचा विषय असतो. पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलर देण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला अच्युत गोडबोले यांचे ‘संगणकयुग’ संगणक या विषयाची ओळख करून देते.

पुस्तक कोणतेही असो, ते नुसते वाचून हाताला काही लागत नाही. उदाहरण कॉपी-पेस्ट न करता टाइप करावे, कारण सुटलेला अर्धविराम आणि न मिटलेला कंस तेव्हाच भेटतो. प्रोग्रॅम चालला की मुद्दाम बिघडवून पाहावा आणि आलेला एरर मेसेज शब्दन् शब्द वाचावा. उत्तराचे पान उघडण्याआधी स्वाध्यायावर तासभर झगडावे. विकत घेण्याआधी छपाईचे वर्ष पाहावे. पायथनच्या पुस्तकात प्रिंटपुढे कंस नसेल, तर ते पायथन 2 चे आहे. त्या आवृत्तीचा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला असून नव्या पायथनवर त्यातला पहिलाच प्रोग्रॅम चालणार नाही. प्रकाशकाने शुद्धिपत्र ठेवले असेल तर तेही तपासावे.

पाच पुस्तकांची पहिली दोन-दोन प्रकरणे करण्यापेक्षा एकच पुस्तक शेवटच्या स्वाध्यायापर्यंत न्यावे. दुसरे निवडायची दृष्टी त्यातूनच येते.