बर्फाच्या काचेखाली गेलेले गाव

वाचकहो, गारपीट आपल्याला नवी नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने आपला गहू, हरभरा, द्राक्ष आणि डाळिंब कसे झोडपले, ते तुम्ही विसरला नसाल. पण गार येते, झोडपते आणि निघून जाते. जे संकट पावसासारखे शांतपणे पडते आणि पडेल तिथेच चिकटून बसते, त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा भाचा कॅनडात माँट्रियल शहरी नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता शेती पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. तेव्हा तो मला शहराच्या पूर्वेस सेंट हायसिंथ या गावाच्या बाजूला घेऊन गेला. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातला हा सपाट, काळ्याभोर मातीचा मुलूख. मका, सोयाबीन आणि दुधाचा धंदा. प्रत्येक घरामागे गोठा आणि गोठ्याला लागून मुरघासाचा उंच मनोरा. इथले लोक फ्रेंच बोलतात, त्यामुळे भाचा दुभाष्या झाला.

एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही बसलो होतो. बोलता बोलता १९९८ च्या जानेवारीचा विषय निघाला. त्या घरच्या आजी म्हणाल्या, “आमच्याकडे वर्षे मोजताना 'बर्फाच्या आधी' आणि 'बर्फाच्या नंतर' असे म्हणतात.”

तुम्ही म्हणाल, कॅनडात बर्फ पडला यात नवल ते काय? नवल असे की तो बर्फ नव्हता, पाऊस होता. उंचावर उबदार हवेचा थर होता. वरून येणारा हिम त्या थरात वितळून त्याचे पाणी होई. पण जमिनीलगत, खोऱ्यात, शून्याखालची थंडगार हवा साचून राहिली होती. तिच्यातून येताना थेंब गोठणबिंदूखाली जाई, पण पाणीच राही. आणि फांदीला, तारेला, कौलाला टेकताक्षणी त्याची काच होई. असा पाऊस तिकडे दर हिवाळ्यात काही तास पडतोच. त्या वर्षी ४ जानेवारीच्या रात्रीपासून पुढचे पाच-सहा दिवस तो थांबून थांबून पडतच राहिला. माँट्रियलच्या दक्षिणेस काही ठिकाणी १०० मिलिमीटरच्या आसपास भरला.

विजेच्या तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या. वजन न पेलून पोलादी मनोरे कोसळले. आपल्या द्राक्षमांडवाचा कडेचा खांब ताण सोडून पडला की त्याच्यामागे सगळी ओळ आडवी होते ना, अगदी तसेच. हजारभर मनोरे आणि हजारो लाकडी खांब गेले. क्वेबेक प्रांताची जवळजवळ निम्मी वस्ती अंधारात गेली. सेंट हायसिंथ, ग्रॅनबी आणि सेंट जाँ या तीन गावांमधल्या पट्ट्याला लोक 'काळा त्रिकोण' म्हणू लागले, कारण तिथे काही घरांत महिनाभर दिवा लागला नाही.

आता विचार करा. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. घर गरम ठेवणारे यंत्र विजेवर, विहिरीचा पंप विजेवर. ज्यांच्या घरी लाकडाची चूल होती ते तरले. या कुटुंबाने बाकीच्या खोल्यांचे नळ रिकामे करून दारे लावून घेतली, नाहीतर आतले पाणी गोठून नळच फुटले असते. चुलीच्या एका खोलीत शेजारची दोन घरे मिळून अकरा माणसे झोपली. आजी म्हणाल्या, “रात्री बंदुकीसारखे आवाज यायचे. बंदूक नव्हे, झाडे मोडत होती.”

पण खरी परीक्षा गोठ्यात होती. बेचाळीस दुभत्या गाई, सगळ्यांना यंत्राने धार काढण्याची सवय. हाताने किती काढणार? धार वेळेवर निघाली नाही तर कास दाटते आणि कासदाह मागे लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुभत्या गाईला दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पाणी लागते, पंप बंद! शिवाय बंद गोठ्यातला पंखा थांबल्याने ओल आणि मूत्राची उग्र वाफ कोंडू लागली. गारठा पत्करून दारे उघडावी लागली.

अखेर चार शेतकऱ्यांत मिळून ट्रॅक्टरवर चालणारा एक जनरेटर मिळाला. तो गोठ्यागोठ्यातून फिरू लागला. यांची पाळी रात्री दोनची. तीन तासांत धार काढायची, पाणी भरून घ्यायचे आणि यंत्र निसरड्या रस्त्यावरून पुढच्या घरी पोचवायचे. एवढे करून काढलेले दूध बरेचदा ओतून द्यावे लागले. रस्ते बंद, डेअऱ्यांना वीज नाही. त्या काळात तिकडे लाखो लिटर दूध असे मातीत गेले. हे सांगताना त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची मान खाली गेली. दूध ओतण्याचे दुःख जगात सगळीकडे सारखेच.

गाई वाचल्या, मेपलची राई मात्र मोडली. या झाडाला हिवाळा सरताना भोक पाडून रस काढतात आणि आपल्या काकवीसारखा आटवतात. साधारण चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. झाड रसाला येण्यास चाळीसेक वर्षे लागतात. आजोबांनी राखलेली राई एका आठवड्यात गेली. त्यांनी रोपे लावली आहेत. रस नातू काढील.

सरकारने सुमारे सोळा हजार सैनिक मदतीला धाडले. तरी कॅनडात पंचवीसहून अधिक माणसे दगावली. काही गारठ्याने गेली, तर काही उबेसाठी केलेल्या उपायानेच. घरात किंवा तळघरात जनरेटर चालवला, बंद खोलीत कोळसा पेटवला, आणि वास-रंग नसलेल्या विषारी वायूने झोपेतच घात केला.

बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबा. आपल्याकडेही कडाक्याच्या थंडीत खोलीची दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी आत ठेवतात. बाळंतिणीच्या खोलीत तर हमखास. कृपा करून असे करू नका. शेगडी असेल तर वारा येण्यास वाट ठेवा आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर काढा. जनरेटर किंवा डिझेल इंजिन घराबाहेर, खिडकीपासून दूर ठेवा.

आणखी एक. तिकडे आता विजेच्या मार्गावर मधूनमधून जास्त मजबूत मनोरे उभारले आहेत. एक पडला तरी पडझड तिथेच थांबावी म्हणून. आपणही मांडवाचे कडेचे खांब आणि ताण पावसाळ्यापूर्वी तपासावेत. यंत्राने धार काढणाऱ्यांनी चार-पाच घरांत मिळून एक जनरेटर ठेवावा, आणि कोणाची पाळी केव्हा, हे वीज असतानाच ठरवावे. संकटाच्या रात्री पाळीवरून वाद घालण्यास कोणाला वेळ असतो?