पावसाने जवळ आणलेलं रान

कीई द्वीपकल्पात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा राहायला येतो. जपानच्या मुख्य बेटाचा हा दक्षिणेकडे समुद्रात घुसलेला डोंगराळ तुकडा. प्रशांत महासागरावरून आलेली बाष्पाने जडावलेली हवा या डोंगरांना थडकते आणि तिथेच रिती होते. किनाऱ्यावरच्या ओवासे या छोट्या शहरात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोली-महाबळेश्वर पाहिलेला माणूस या आकड्याने दचकणार नाही, पण तोक्योत याच्या निम्माही पडत नाही. जूनच्या सुरुवातीला इथे ‘त्सुयू’ सुरू होतो. ओखोत्स्क समुद्रावरची गार हवा आणि दक्षिणेची उष्ण दमट हवा एकमेकींना रेटत राहतात. दोघींपैकी कुणीच मागे हटत नाही आणि त्यांच्या सीमेवर आठवडेच्या आठवडे रिपरिप चालते.

याच डोंगरांतून कुमानो कोदोच्या वाटा जातात. हजार वर्षांहून अधिक काळ यात्रेकरू या वाटांनी कुमानोच्या देवस्थानांकडे चालत आले. २००४ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. पोस्टरांवर त्या दिसतात त्या निळ्या डोंगररांगांच्या पार्श्वभूमीवर. त्सुयूत आलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. दरीच्या तोंडाशी उभं राहावं तर समोर नुसतं पांढरं. डोंगर, आकाश, पुढचं वळण, सगळं धुक्याने पुसलेलं. पाऊस दूरचं सगळं काढून घेतो. मग नजर मुकाट्याने खाली येते, निसरड्या दगडावर, पावलापुढच्या हातभर जमिनीवर. आणि रान तिथे असतं. मला या चालण्याचं वेड लागलं ते याच हातभर जमिनीपायी.

आधी भेटतो तो सावागानी, ओढ्यातला खेकडा. अंगठ्याएवढा, कुठे तांबूस, कुठे तपकिरी, कुठे निळसर. एरवी दगडाखाली लपणारा हा जीव पावसात पाणी सोडून थेट वाटेवर येतो आणि पाऊल जवळ आलं की नांग्या उगारून उभा राहतो. त्याच्या पिल्लांना समुद्राची यात्रा करावी लागत नाही. मादी अंडी पोटाशी धरते आणि अंड्यातून इवले इवले खेकडेच बाहेर पडतात. एक ओढा नासला तर त्यातल्या खेकड्यांना दुसरा आसरा नाही. पहिल्या पावसात कुर्ल्या धरायला धावलेल्या कोकणातल्या माणसाला या खेकड्यापुढे वाकताना परकं वाटणार नाही.

मग एखादं डबकं येतं आणि त्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा पांढरा गोळा लोंबत असतो. हे मोरी-आओगाएरूचं, म्हणजे रानातल्या हिरव्या झाडबेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना स्राव सोडते, पायांनी तो घुसळून फेस करते आणि त्या फेसात शेकडो अंडी सुरक्षित राहतात. बाहेरचा थर सुकून टणक होतो, आतला ओला राहतो. पुढे पावसाने फेस विरघळू लागला की बेडूकमासे टपाटप खालच्या पाण्यात पडतात. तिथे लाल पोटाचे इमोरी न्यूट त्यांची वाट पाहत असतात. पाऊस या पिल्लांना जन्माच्या दारातून ढकलतो आणि त्याच क्षणी संकटाच्या तोंडीही देतो. आंबोलीच्या पावसात मलबारी उडता बेडूकही पाण्यावरच्या फांदीला असंच फेसाचं घरटं बांधतो. दोन देशांतल्या पावसाळी रानांनी एकाच प्रश्नाचं एकच उत्तर काढावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आवाजही पावसातच उलगडतात. ओढ्याच्या खळखळाटावरून काजिका बेडकाची शीळ स्वच्छ ऐकू येते. या आवाजासाठी लोक एकेकाळी तो घरी पाळत. आणि नशीब असेल तर धुक्यातून आकाशोबिनची उतरत जाणारी लकेर येते. हा तांबडा खंड्या उन्हाळ्यापुरता जपानात येतो. लोककथा सांगते की पूर्वजन्मी तो एक मूल होता. आजारी आईने पाणी मागितलं, त्याने दिलं नाही. आता तो पाणी प्यायला वाकला की स्वतःचंच तांबडं प्रतिबिंब त्याला आगीसारखं दिसतं. तहानेने तो पावसासाठी ओरडत राहतो. चातकाच्या देशातून आलेल्याला ही तहान ओळखीची वाटते.

वाट पुढे जाते तसं रान बदलतं, आणि हा बदल डोळ्यांआधी कानांना कळतो. हिनोकी झाडांच्या लागवडीत शिरलं की पावसाचा सूर जाड होतो. दाट, एकसारख्या शेंड्यांवर साठलेलं पाणी टपोरे थेंब होऊन थेट उघड्या मातीवर आदळतं. हिनोकीचा पाला सुटा होऊन लवकर वाहून जातो. उजेड नसल्याने खाली गवत नाही, नेचे नाहीत. थेंबागणिक माती उडते आणि बुटांवर बसते. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी जपानने डोंगरच्या डोंगर ‘सुगी’ आणि हिनोकी या झाडांनी भरून टाकले. पुढे परदेशातून स्वस्त लाकूड आलं आणि यातली कितीतरी झाडं विरळणीची वाट पाहत तशीच राहिली. आज देशाच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के जंगल असं लावलेलं आहे. लांबून ते हिरवंगार दिसतं. पावसात आत शिरल्यावरच कळतं की ते आतून किती मुकं आहे.

तिथून एखाद्या जुन्या देवळाच्या राईत पाऊल टाकलं की तोच पाऊस वेगळा होतो. शिई, सदाहरित ओक, कापराची झाडं, त्यांच्या खाली लहान झाडं, त्याखाली झुडपं, नेचे, शेवाळ. थेंबाला जमिनीपर्यंत यायला दहा ठिकाणी थांबावं लागतं. काही पाणी खोडावरून ओघळतं, काही शेवाळ पिऊन टाकतं. शेवाळाला पाणी ओढणारी मुळं नाहीत. ते सगळ्या अंगाने पाणी घेतं, आणि कोरडं, आक्रसलेलं शेवाळ पाऊस पडताच मिनिटांत पानं उघडतं. खेकडे, बेडूक, गोगलगायी, कुजत्या ओंडक्यांवरच्या छत्र्या इथे जास्त भेटतात. कीईच्या किनाऱ्याजवळच्या काही रानांत पडलेल्या शिईच्या लाकडावर त्सुयूतल्या रात्री अळंब्या हिरवट उजेडही देतात. भीमाशंकरच्या पावसाळी रात्री ज्यांनी लाकडं उजळलेली पाहिली, त्यांना हा उजेड वेगळा सांगायला नको.

त्सुगिझाकुरा-ओजी या छोट्या देवस्थानाच्या पायऱ्यांशी अशीच जुनी सुगीची झाडं उभी आहेत. त्यांना ‘इप्पो-सुगी’ म्हणतात. त्यांच्या फांद्या सगळ्या एकाच दिशेला, दक्षिणेकडे वाढल्या आहेत. लोक म्हणतात, कुमानोतल्याच नाचीच्या देवाकडे. ही झाडं आज दिसतात ती एका माणसामुळे. त्याचं नाव मिनाकाता कुमागुसु.

कुमागुसु १८६७ मध्ये वाकायामात जन्मले. अमेरिका आणि लंडन इथे चौदा वर्षं काढून, ‘नेचर’मध्ये लिहून, १९०० मध्ये ते परतले आणि नाचीच्या रानात राहून वनस्पती, बुरशी आणि स्लाइम मोल्ड गोळा करू लागले. स्लाइम मोल्ड म्हणजे ओल्या लाकडावर सरपटणारा जीव. धड प्राणी नाही, धड बुरशी नाही. जिवाणू खात पसरतो आणि मग मोहरीएवढ्या रंगीत बोंडांमध्ये उभा राहतो. तो पाहायचा तर गुडघ्यावर बसावं लागतं. कुमागुसुंनी जन्मभर तेच केलं. १९०६ मध्ये सरकारने गावोगावची छोटी देवळं एकत्र करण्याचा हुकूम काढला. देऊळ गेलं की राई विकायला मोकळी. देशभरात सुमारे ७०,००० देवस्थानं मिटली. कुमागुसु भडकले. त्यांनी पत्रं लिहिली, अधिकाऱ्यांशी भांडले, १९१० मध्ये कोठडीतही गेले, आणि तिथेही त्यांना स्लाइम मोल्ड सापडला असं सांगतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. राई तुटली तर पक्षी जातील, पक्षी गेले तर पिकांवर किडी वाढतील, झरे आटतील आणि गावाला जोडून ठेवणारं काही उरणार नाही. १९२० मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने हे विलीनीकरण निरुपयोगी ठरवलं. तोवर पुष्कळ गेलं होतं, थोडं वाचलं होतं.

१९२९ मध्ये जीवशास्त्राचे अभ्यासक असलेले सम्राट हिरोहितो तानाबेच्या आखातातल्या काशिमा बेटावर आले. या बेटाची राईही कुमागुसुंनीच वाचवली होती. त्यांनी सम्राटांना स्लाइम मोल्डचे ११० नमुने भेट दिले, तेही कॅरॅमलच्या खोक्यांत. १९६२ मध्ये सम्राट पुन्हा त्या किनाऱ्यावर आले तेव्हा पावसाने धूसर झालेलं काशिमा पाहून त्यांनी कुमागुसुंची आठवण एका कवितेत नावानिशी लिहिली.

सगळंच वाचलं नाही. १९०५ मध्ये याच द्वीपकल्पातल्या हिगाशी-योशिनोत जपानी लांडग्याचा शेवटचा ज्ञात नमुना मिळाला. त्याच्यानंतर हरणांना धाक उरला नाही. इथल्याच ओदाइगाहाराच्या पठारावर १९५९ च्या वादळाने स्प्रूसची झाडं पाडली. मोकळ्या उजेडात शेवाळाऐवजी बांबूगवत माजलं, त्यावर हरणं वाढली आणि त्यांनी उरल्या झाडांच्या साली खाल्ल्या. तिथे आज पांढऱ्या खोडांचे सांगाडे उभे आहेत. एक धागा निसटला की वीण कुठवर उसवते, ते धुक्यातल्या त्या पठारावर डोळ्यांनी दिसतं.

आपल्याकडेही गावाने देवाच्या नावावर राखलेल्या देवराया आहेत. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्या हिंडून पाहिल्या, नोंदवल्या. कुमानोच्या राया आणि या देवराया यांना राखलं ते श्रद्धेने, आणि ती श्रद्धा पातळ झाली तेव्हा जवळून पाहणाऱ्या डोळ्यांनी. कुमागुसुंची सगळी ताकद या पाहण्यात होती. ज्याने मोहरीएवढं बोंड कौतुकाने पाहिलं, त्यालाच राई तुटताना नेमकं काय जातंय ते सांगता आलं.

म्हणून कुमानोला जायचं तर मी जूनच सुचवीन. अंतर थोडंच ठरवा, पाठीवर वजन कमी ठेवा आणि डोंगर दिसले नाहीत म्हणून हळहळू नका. हिनोकीच्या लागवडीतून राईत शिरताना एकदा थांबून दोन्हीकडचा पाऊस ऐका. जे रान पावसात जिवांनी भरून येतं ते टिकवायला हवं, आणि ते कोणतं हे ओळखायला लहान जिवांपुढे वाकावंच लागतं.