दांडा

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. विजयदुर्ग पाहून झाशीला परतले, पण ही म्हण पाठ सोडायला तयार नाही.

तिथे वाघोटनच्या खाडीवर, गिर्ये गावाजवळ आंग्र्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीत डागडुजी करायची. फेब्रुवारी १७५६ मध्ये आंग्र्यांचं सगळं आरमार बंदरातच जळालं. समुद्रातून इंग्रज वॉटसनच्या तोफा, जमिनीवर क्लाइव्ह, आणि त्यांच्या साथीला नानासाहेब पेशव्यांची फौज.

म्हणजे दांडा पुण्याचा. पण आरमाराचा धनी तुळाजी आंग्रे पुण्याला जुमानत नव्हता. पुण्यातून पाहणाऱ्याला गोत मोडणारा तोच दिसला असेल. आणि आम्ही झाशीकर मराठी कुठले? पेशव्यांच्या सुभ्याबरोबर इथे आलेले. आमचे राज्यकर्ते नेवाळकरही लांज्याजवळच्या कोट गावचे, समुद्राला पाठ करून बेतवेच्या मुलखात आलेले.

मग ३ एप्रिल १८५८ आठवतो. त्या दिवशी झाशीच्या तटावरून आत घुसलेल्या इंग्रज फौजेत ८६ वी पलटण होती, आयर्लंडच्या काउंटी डाउनचं नाव लावणारी. १८४५ पासून तिथे बटाटा कुजत गेला, माणसं उपाशी मेली, कोव्हच्या बंदरातून जहाजं भरभरून देशोधडीला लागली. त्याच बंदराला इंग्लंडच्या राणीच्या भेटीनंतर ‘क्वीन्सटाउन’ म्हणू लागले. अशा मुलखातल्या पोराने पगारासाठी बंदूक धरली, तर त्याला दांडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो इथे कोणाचा नातलग होता?

पण त्या पलटणीबरोबर मुंबईची २५ वी देशी पलटणही होती. मुंबईच्या फौजेत तेव्हा रत्नागिरीकडची पोरं पुष्कळ असत. एखाद्याचा पणजा आंग्र्यांच्या गलबतावर वल्ही मारत असेल का? आरमार जळालं नसतं, तर पणतूने समुद्रावरच पोट भरलं असतं ना?

तट चढताना त्याला राणी लक्ष्मीबाई आपली वाटायला हवी होती, असं मी आज म्हणते. पण जून १८५७ नंतर काही महिने राणीसुद्धा कंपनीच्या वतीनेच झाशीचा कारभार पाहत होती. गोत कोणतं, हे तिलाही वेढा पडेपर्यंत पुरतं ठरवता आलं नसेल, तर त्या शिपायाने कशाच्या आधारावर ठरवायचं होतं?