पाण्याचं मशीन आणि माझी भाची

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आमच्याकडे ठाकूरद्वारला आली. दहावीची परीक्षा झालेली, निकाल बाकी. पहिल्याच सकाळी तिने चाळीच्या नळाखाली ओंजळ धरली, पोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "खाला, तुमचं पाणी किती गोड आहे!"

मी ओशाळले. ठरावीक वेळेलाच येतं म्हणून आम्ही याच पाण्यावर रोज कुरकुर करतो. घरापासून समुद्र दहा मिनिटांच्या अंतरावर, पण त्याचा घोटभरही उपयोग नाही. तानसा, वैतरणा, भातसा इतक्या लांबून मुंबईला पाणी येतं, तेव्हा आमचा हंडा भरतो.

माझ्या आपाचं सासर अकोला जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी विहिरीचं पाणी खारट. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा बराच भाग असा आहे. लोक त्याला खारपाण पट्टा म्हणतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असं आपलं राष्ट्रीय मानक सांगतं. या पट्ट्यातल्या कित्येक विहिरी ही मर्यादाही ओलांडतात. किडनीच्या विकारांच्या तक्रारी तिकडे जुन्याच आहेत.

तीन वर्षांपूर्वी दुल्हाभाईंच्या वालिदांचं निधन झालं. त्यांच्या नावाने सदका-ए-जारिया म्हणून घरच्यांनी गावात पाणी गोड करण्याचं, सौरऊर्जेवर चालणारं मशीन बसवलं. मीही माझ्या पगारातून वाटा दिला. पहिल्या दिवशी गावातल्या सगळ्या जातीधर्माच्या बायका हंडे घेऊन आल्या. आपा फोनवर रडत होती. माझेही डोळे भरून आले.

मशीन आठ महिने चाललं. मग धार बारीक होत गेली आणि एक दिवस थांबली. ज्यांनी ते बसवलं होतं, त्यांचा माणूस दोनदा आला, नंतर फोनही उचलेना. आता पॅनेलवर धूळ आहे आणि त्याच्या सावलीत बकऱ्या बांधतात.

हे मला माहीत होतं. मशीन का बंद पडलं, ते मात्र भाचीने सांगितलं. मेकॅनिक आला तेव्हा ती शेजारी उभी राहून सगळं बघत होती. "खाला, आत एक फार बारीक पडदा असतो. पंप पाण्याला जोराने त्यावर दाबतो. पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. पण पडद्याच्या आधी एक साधी गाळणी असते. ती वेळेवर बदलायची असते. आपली गाळणी गाळाने गच्च भरली होती. कोणी बदललीच नाही, म्हणून पडदा गेला."

"मग कोणी बदलायची?"

"कोणाला सांगितलंच नव्हतं. आणि खाला, उरलेलं जास्त खारं पाणी आपण विहिरीजवळच सोडत होतो. ते परत जमिनीतच मुरत होतं."

मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. हे ऐकून गप्प झाले. आम्ही दुआ केली, पैसे दिले, फोटो काढले. गाळणीचं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्या सुट्टीत तिने आमच्या गच्चीवर एक प्रयोग केला. काळा रंग दिलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मिठाचं पाणी ओतलं, वर तिरकी काच ठेवली आणि काचेच्या खालच्या कडेला पन्हळ लावली. उन्हाने पाण्याची वाफ झाली, वाफ काचेला लागून थेंब झाली. संध्याकाळी पाऊण पेला पाणी जमलं. चाळीतली सगळी मुलं चव घ्यायला धावली. चौरस मीटरभर काचेतून चांगल्या उन्हात दिवसाला दोन ते चार लिटर पाणी मिळतं. एका माणसाच्या पिण्यापुरतं ठीक, गावाला पुरणार नाही. म्हणून मोठी यंत्रं लागतात. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राचं वरचं कोमट पाणी आणि खोलवरचं थंड पाणी यांच्या तापमानातला फरक वापरून रोज सुमारे १ लाख लिटर गोड पाणी काढण्याची सोय आहे. मूळ गोष्ट गच्चीवरचीच: आधी वाफ, मग थेंब.

पण मोठ्या यंत्राला जाणता माणूस लागतो. राजस्थानात साँभर सरोवराजवळच्या कोटरी गावात २००६ साली सौरऊर्जेवर पाणी गोड करणारं यंत्र बसलं, ते तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजच्या पुढाकाराने. ही संस्था कमी शिकलेल्या गावच्या बायकांनाही सोलरची कामं शिकवते. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं हाताने काम करत तंत्रज्ञान शिकतात.

निकाल लागला. भाचीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता. दुल्हाभाई तयार नव्हते. "पोरगी वायरी जोडत फिरणार का?" आणि नवं मशीन घ्यायला ते पुन्हा वर्गणी काढत होते.

मी फोन केला. म्हणाले, "दुल्हाभाई, या वेळी माझा वाटा मशीनला नाही. भाचीच्या शिक्षणाला आणि हत्यारांना."

ते म्हणाले, "अब्बांच्या नावाचा पैसा मी माझ्याच पोरीवर खर्च केला, असं लोक म्हणतील."

मी त्यांना नहर-ए-जुबैदाची आठवण दिली. हाजींच्या पाण्यासाठी खलिफा हारून रशीद यांच्या बेगम जुबैदा यांनी मक्केला पाणी आणलं, हे आपण सगळे सांगतो. पण पुढे सोळाव्या शतकात सुलतान सुलेमान यांच्या शहजादी मिहरीमाह यांनी तिच्या दुरुस्तीवर खर्च केला, हे कोणी सांगत नाही. पाणी आणणं सवाबाचं, तसंच ते चालू ठेवणंही. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "फॉर्म भरू दे. बाकी बघू."

भाची आता आयटीआयला जाते. मशीन अजून बंदच आहे, नव्या पडद्यासाठी पैसे जमवतोय. पण तिने पॅनेल पुसले आहेत, गाळणी बदलली आहे, खाऱ्या पाण्याची नळी विहिरीपासून दूर नेऊन पक्क्या खड्ड्यात सोडली आहे. शिवाय तिच्याकडे एक वही आहे. गाळणी कधी बदलायची, त्याच्या तारखा तीत लिहिल्या आहेत.

आपल्यापैकी अनेक घरं मरहूमांच्या नावाने पाण्याची सोय करतात. अल्लाह ती कबूल करो. माझी एवढीच विनंती आहे. पैसे देण्याआधी विचारा, हे बिघडेल तेव्हा गावातलं कोण दुरुस्त करेल? उत्तर मिळालं नाही, तर त्याच पैशातला काही भाग गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला ते काम शिकवायला द्या.