पाठुंगळी

आमच्या गावी दिवाळीला माणसे येत नाहीत, जातात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर हे बीड जिल्ह्यातले तालुके बालाघाटाच्या अंगाखांद्यावर वसले आहेत, आणि त्यांपैकीच एका तालुक्यात आमचे गाव आहे. सह्याद्रीने अडवून उरला तर तेवढा पाऊस आमचा. बाजरी, कापूस, थोडी तूर, पुढे काय? दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, मुकादमाचा ट्रक वेशीत उभा राहतो, आणि ज्यांनी पावसाळ्यात उचल घेतली आहे ती कुटुंबे भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि अंगावरची पोरे घेऊन ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार होते, हा हिशेब इतकी वर्षे ऐकूनही माझ्या अंगवळणी पडलेला नाही. सांगली, कोल्हापूर, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत ही माणसे जातात. कोप्यांत राहतात, पहाटेच्या अंधारात फडात शिरतात, आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. तोवर गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले.

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून गावी गेलो तेव्हा आमच्या घरातले दोन्ही कोयते निघून गेले होते. एक धाकट्या भावाचा, दुसरा त्याच्या मुलाचा. घरी होती फक्त आई आणि सहा वर्षांची तिची पणती. दिवाळीच्या दिवसांत घरात पणती एकच, असा विनोद मी केला. आई हसली नाही. ती म्हणाली, “तेल आन जरा दुकानातून. लावू चार.”

आई पंचाहत्तरीची आहे. तिला पुण्याला न्यावे म्हणून मी दरवर्षी जातो आणि दरवर्षी एकटा परततो. या खेपेसही तो विषय पहिल्याच संध्याकाळी निघून पहिल्याच संध्याकाळी मिटला. पोर झोपली. मला झोप येईना. मी लॅपटॉप उघडला. फिल्म सोसायटीच्या दिवसांपासून मला जपानी चित्रपटांचे वेड आहे, आणि केइसुके किनोशिता यांचा १९५८ सालचा ‘नारायामा बुशिको’ मी किती वेळा पाहिला याची मोजदाद ठेवलेली नाही. आई जवळ येऊन बसली. मी मनात म्हटले, दहा मिनिटांत पेंगू लागेल.

या चित्रपटाची कथा शिचिरो फुकाझावा यांच्या १९५६ सालच्या कथेवर बेतलेली आहे. डोंगरातले एक दरिद्री गाव. धान्य कमी, तोंडे जास्त. सत्तरी गाठली की म्हाताऱ्या माणसाने नारायामा पर्वतावर जायचे आणि तिथेच राहायचे, अशी चाल. मुलाने पाठुंगळी घेऊन पोचवायचे, वाटेत बोलायचे नाही, उतरताना मागे वळून पाहायचे नाही. अशी चाल जपानात खरोखर होती याला पुरावा नाही, ती दंतकथा. गंमत अशी, की म्हाताऱ्यांना टाकून देणाऱ्या देशाची एक गोष्ट आपल्याकडूनच बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेली आहे. तेव्हा आपण फार नाके मुरडू नयेत.

पण मला सांगायचे आहे ते त्याच्या रूपाविषयी. किनोशितांनी हा सगळा डोंगर स्टुडिओत उभारला. आरंभी काळ्या कपड्यांतला, तोंड झाकलेला एक माणूस लाकडी टिपऱ्या वाजवून खेळाची वर्दी देतो. काबुकी रंगभूमीचा पट्ट्यापट्ट्यांचा पडदा सरकतो. मग शामिसेनच्या साथीवर एक निवेदक कथा गाऊन सांगू लागतो. आकाश रंगवलेले आहे आणि ते रंगवलेले आहे हे कुणी लपवत नाही. दुःखाची वेळ आली की ते लालभडक होते. प्रसंग बदलायचा की मागचा पडदाच खाली गळतो, आणि घराच्या जागी रान उभे राहते. एखाद्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडतो, भोवतालचे सगळे अंधारात बुडते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सोसायटीतल्या मित्रांपुढे शैली, रंगयोजना असे पुष्कळ बोललो होतो. आईला यातले काही सांगावे लागले नाही. तिने गाणाऱ्याचा आवाज ऐकला, पडदा पाहिला, आणि म्हणाली, “हे तर गोंधळीच हाय की.”

मी चकित झालो. आमच्या अंगणात लग्नानंतर गोंधळ व्हायचा. संबळ, तुणतुणे, दिवटी. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच त्याला प्रश्न विचारतो, आणि एका दिवटीच्या उजेडात राजवाडा, अरण्य, समुद्र सगळे येऊन जाते. जिने आयुष्यभर असे पाहिले तिला रंगवलेल्या आकाशाचे काय नवल? आकाश पहिल्यांदा लाल झाले तेव्हा ती पदर सावरून म्हणाली, “आता इपरीत व्हनार.” जपानी तिला येत नव्हते, आणि खालची इंग्रजी अक्षरेही तिच्या उपयोगाची नव्हती. अधूनमधून मी सांगत होतो. पुढे पुढे तेही थांबवले.

कथेतली म्हातारी ओरिन. किनुयो तानाका या थोर नटीने ती उभी केली आहे. ओरिन एकोणसत्तरीची, पण तोंडात दात शाबूत. गरिबाघरी म्हाताऱ्या माणसाचे दात धड असणे म्हणजे खायला सोकावल्याचे लक्षण. गावातली पोरे, तिचा स्वतःचा नातूही, त्यावर गाणे रचून तिला चिडवतात. ओरिन एक दिवस दगडावर तोंड आपटून आपले दात पाडते, आणि रक्ताळलेले तोंड घेऊन लोकांपुढे जाते. मला या प्रसंगी नेहमी डोळे मिटावेसे वाटतात. आईने मिटले नाहीत. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आत्याबाईचे दात दुखायचे.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. साल १९७२. त्या दुष्काळाविषयी मी शाळेत निबंध लिहिले आहेत. खडी फोडण्याची कामे, अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, सुकडी. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्या रात्री आईने सांगितले ते मात्र मला नवे होते. मिलोची भाकरी कडक होई. आजी म्हणे, माझे दात दुखतात, मला चावत नाही. आणि आपली भाकरी माझ्या ताटलीत सरकवी.

“अन् दुखायचे का खरंच?” मी विचारले.

“न्हाई,” आई म्हणाली. “हरभरे फोडायची ती दातानं, सुगी असली म्हंजी.”

आजी पुढच्या उन्हाळ्यात गेली. कशाने गेली, हे आमच्या घरात कुणी कधी बोलले नाही. मी चित्र थांबवायला हात पुढे केला, तर आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. डोंगरावर जाऊ दे तिला.”

तेव्हा ओरिन डोंगरावर गेली. जायच्या आधी तिने नव्या सुनेला नदीतले मासे कुठे सापडतात ती जागा दाखवून ठेवली होती. मुलाचे, तात्सुहेईचे, पाय उचलत नाहीत. तीच त्याला हाताने खुणावते, चल, चल. पलीकडच्या घरचा म्हातारा जायला तयार नाही, तर त्याचा मुलगा त्याला दोरीने बांधून कड्यावरून लोटतो. वर पोचल्यावर हाडांच्या पसाऱ्यात ओरिन चटईवर बसते, हात जोडते, आणि मुलाला माघारी ढकलते. तो उतरू लागतो आणि बर्फ पडू लागते. तिच्या जाण्याच्या दिवशी बर्फ पडणे शुभ. तात्सुहेई नियम मोडून धावत परत येतो, ‘आई, बर्फ पडले,’ एवढे सांगायला.

“कापूस हाय का?” आईने विचारले.

“बर्फ.”

“त्येनं मागं यायला न्हवतं पायजे,” ती म्हणाली. “तिला आता जड जाईल.”

याच कथेवर शोहेई इमामुरा यांनी १९८३ साली दुसरा चित्रपट काढला. तो खऱ्या डोंगरात घेतला, आणि त्याला कानच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रपट मोठा आहे, यात शंका नाही. पण मला किनोशितांचाच जवळचा वाटतो. खऱ्या डोंगरावर खरी हाडे दिसली की मी ओशाळून नजर काढून घेतो. पडद्यावरचा डोंगर आधीच सांगून टाकतो की मी खोटा आहे, आणि मग मला त्याच्याकडे पाहत बसता येते. किनोशितांनी शेवटी मात्र एक धक्का दिला आहे. रंग जातात आणि खरीखुरी आगगाडी खऱ्याखुऱ्या स्टेशनात येते. स्टेशनाचे नाव ओबासुते. म्हातारीला टाकून देण्याची जागा. ते स्टेशन नागानो प्रांतात आजही आहे, आणि तिथे गाड्या थांबतात.

आमच्या बालाघाटात कुणी कुणाला वर नेत नाही. इथे म्हातारी डोंगरावर आपल्या जागीच असते आणि मुलगा खाली उतरतो. पण धाकट्याची गाठोडी आईनेच बांधली होती. बाजरीचे पीठ, तिखटाची बरणी, पोराच्या तापाची गोळी. ट्रक सुटेना तेव्हा मुकादमाशी तीच बोलली, असे मला शेजाऱ्यांनी सांगितले. आणि ट्रक हलल्यावर ती वेशीत थांबलीसुद्धा नाही. मी तिला विचारले, पुण्याला का येत नाहीस? ओसरीवर झोपलेल्या पोरीकडे हनुवटी करून ती म्हणाली, “मंग हिची शाळा?” म्हणजे तिलाही अजून जायची सवड नव्हती.

सकाळी धाकट्याचा फोन आला. त्यांच्याकडे रात्री पाऊस झाला होता, कोपीत पाणी शिरले होते, म्हणून तोड बंद होती. आईने पोरगी बरी आहे म्हणून सांगितले, मी आलो आहे म्हणून सांगितले, रात्री पिक्चर पाहिला म्हणून सांगितले. कसला पिक्चर, असे त्याने विचारले असावे. “एका म्हातारीचा,” ती म्हणाली. मग त्याने आणखी काही विचारले.

“मी जेवले,” आई म्हणाली. “कवाच.”

चूल अजून पेटायची होती.