टायरची तारीख



शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जायचे होते. गाडीत सात जण, त्यात दोन नातवंडे. आणि टायर गुळगुळीत! खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवेत.

एका दुकानदाराने अगदी स्वस्तात चार नवे टायर दाखवले. हे लगेच तयार झाले. मी चष्मा लावून टायरच्या बाजूचे आकडे वाचले : २३१८. म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा! न वापरलेले रबरही वर्षानुवर्षे पडून कडक होते.

शेवटी मधल्या किमतीचे, ताज्या तारखेचे, गाडीच्या पुस्तिकेतल्याच मापाचे आणि तेवढेच वजन पेलणारे घेतले. दोन हजार जास्त गेले. कॉमर्सवालीला खुपलेच, पण पाहून पाऊल टाका, असे ईर्यासमिती शिकवते. मग चाक न पाहता कसे टाकायचे?